पंख्याची जुनी लढाऊ विमानं परत आणायची का? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पंख्याच्या म्हणजे प्रोपेलरच्या विमानातून ड्रोन पाडतानाचे युक्रेनचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागल्यापासून हे प्रश्न रोज कुणी ना कुणी पाठवतंय. विचारणाऱ्यांत एनडीएची तयारी करणारी पोरं आहेत, सैनिक टाकळीकडचे रिटायर्ड फौजी आहेत, कोल्हापूरजवळच्या शिरोलीचे फौंड्रीवाले आहेत. तेच तेच दहा जणांना टाईप करण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवलंय. साधे प्रश्न वर, किचकट खाली. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं नंबर दिलाय तो बघा.

१. म्हणजे नक्की काय विषय आहे? महायुद्धातली विमानं परत लढाईत उतरवणार काय?

तशीच्या तशी नाही. यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे जुनंच विमान घ्यायचं, खोलून नवीन इंजिन, नवीन वायरिंग, नवीन कॅमेरे बसवायचे. दुसरा, जुन्या डिझाईनवरून फॅक्टरीत नवीन विमानं काढायची. तिसरा, आजचं ट्रेनर किंवा फवारणीचं विमान घ्यायचं आणि त्याला जुन्या विमानाचं काम द्यायचं, म्हणजे हळू उडायचं, तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि खालच्या टार्गेटवर बॉम्ब-रॉकेट टाकायचे.

पहिला प्रकार अधूनमधून जमलाय, दुसरा जवळजवळ कधीच जमला नाही, आणि आज बाजारात जे काय चाललंय ते सगळं तिसरं. परत येतंय ते काम, विमान नव्हे.

२. जेट असताना पंखा कशाला? हे मागं जाण्यातला प्रकार वाटतो.

जेट इंजिन उंचावर आणि वेगात चांगलं चालतं. त्याला खाली आणून हळू उडवलं की ते तेल पितं, आणि खालचा माणूस शेतकरी आहे का बंदूकवाला हे बघायच्या आत पुढं निघून जातं. पंखा भरपूर हवा थोड्या वेगानं मागं ढकलतो म्हणून कमी वेगाला तोच परवडतो, त्याच तेलात कितीतरी जास्त वेळ हवेत राहता येतं, धावपट्टी छोटी आणि कच्ची असली तरी बहुतेक वेळा चालून जातं.

आणि तासाचा खर्च. सुपर टुकानो हे ब्राझीलचं विमान तासाला १००० डॉलरच्या आसपास उडतं असं विकणारे सांगतात, लढाऊ जेटला तोच तास २० हजार डॉलरच्या वर जातो. विकणाऱ्यांचा आकडा आहे, मीठ लावूनच घ्या, पण फरक दुप्पट-तिप्पट नाही, लई मोठा आहे हे खरं. चार पोरं एका पिकअपमधून चाललीत त्यांच्यावर एफ-१५ पाठवायचं म्हणजे हिशोबच बसत नाही.

३. सगळे स्कायरेडर स्कायरेडर करतात, एवढं काय होतं त्यात?

डग्लस ए-१ स्कायरेडर. पहिलं उड्डाण मार्च १९४५, म्हणजे महायुद्ध संपता संपता, जेटचा जमाना दारात उभा असताना. एकच इंजिन, १८ सिलिंडरचं राईट आर-३३५०, २७०० हॉर्सपॉवर. पंखांखाली आणि पोटाखाली मिळून १५ ठिकाणी माल टांगता यायचा, साडेतीन टनाच्या वर. १९५७ पर्यंत ३१८० विमानं बनली. कागदावर ते तेव्हाच जुनं झालेलं, पण व्हिएतनाममध्ये जंगलात पडलेल्या पायलटला उचलायला हेलिकॉप्टर जायचं तेव्हा त्याच्या सोबत राहू शकेल असं दुसरं काहीच नव्हतं. जेटं येऊन बॉम्ब टाकून निघून जायची, स्कायरेडर वरच घोंगावत राहायचं. या कामाला रेडिओवर सँडी हे नाव होतं, आणि सँडी आलं म्हणलं की खालच्या माणसाच्या जीवात जीव यायचा.

१० मार्च १९६६ ला आ शाउ नावाच्या खोऱ्यात एका पायलटचं स्कायरेडर पडलं. धावपट्टीवर खड्डे, विमानाचे तुकडे, चहूकडून गोळ्या. मेजर बर्नार्ड फिशरनी त्याच पट्टीवर आपलं विमान उतरवलं, त्याला आत ओढून घेतलं आणि उडाले. त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. तिथं जेट उतरवून दाखवा म्हणावं.

अमेरिकेनं पुढं ए-१० हे जेट बनवलं ते याच अनुभवातून, स्कायरेडरची जागा घेणारं काहीतरी पाहिजे म्हणून.

४. मग स्कायरेडरच परत बनवा की. ड्रॉइंग तर असतीलच.

ड्रॉइंग असून भागत नाही भावा. ज्या जिग-फिक्श्चरवर ते विमान जुळवायचे ती कधीच भंगारात गेली. रिव्हेट मारणारी, पत्रा वळवणारी माणसं गेली. ड्रॉइंगवर न लिहिलेल्या शंभर गोष्टी त्या माणसांच्या हातात होत्या. घरात जुनी राजदूत असेल तर कळेल, गाडी फुकट मिळते पण एका पार्टसाठी जुना बाजार पालथा घालावा लागतो, इथं तर पूर्ण फ्लीट चालवायचीय.

दुसरं म्हणजे इंजिन. मोठं रेडियल पिस्टन इंजिन (सिलिंडर गोलात बसवलेलं) म्हणजे सतत मेंटेनन्स, ऑईलगळती, आणि त्याला लागतं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. बाकी सगळी फौज एटीएफवर, म्हणजे जेटच्या केरोसीनसारख्या तेलावर चालते. हेलिकॉप्टरला, ट्रान्सपोर्टला, जेटला एकच तेल आणि या एका विमानासाठी वेगळा टँकर, हे कुठल्याच लष्कराला नको असतं. आपल्याकडं तर १०० एलएल एव्हगॅस बाहेरून यायचं, इंडियन ऑईलनं ते २०२२ मध्ये वडोदऱ्याला बनवायला सुरू केलं.

आणि सगळ्यात वाईट, धातूचा थकवा. व्हिएतनामच्या सुरवातीला अमेरिकेनं महायुद्धातलीच बी-२६ बॉम्बर वापरायला काढली. फेब्रुवारी १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर प्रात्यक्षिक चालू असताना एकाचा पंखच तुटला. सगळी बी-२६ बंद केली. मग ऑन मार्क नावाच्या कंपनीनं ४० विमानं पार खोलून, पंखांचे मुख्य दांडे मजबूत करून परत बांधली, आणि ती थायलंडमधून लढली सुद्धा. (थायलंडला आपल्या जमिनीवर बॉम्बर नको होते म्हणून १९६६ मध्ये कागदावर बी-२६ चं ए-२६ केलं. काम तेच, बॉम्बर नाही म्हणायचं फक्त.) पण ते काम झालं तेव्हा ही विमानं २० वर्षांची होती. आज ऐंशी वर्षांच्या सांगाड्यावर कोण सही करणार?

५. मस्टँगला नवीन इंजिन लावून विकायचा प्रयत्न झालेला म्हणे?

झालेला. सत्तरच्या दशकात सुरू झाला, शेवटी पायपर कंपनीकडं आला, नाव पीए-४८ एन्फोर्सर. महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग फायटरचा चेहरामोहरा, आत लायकमिंगचं टी-५५ टर्बोप्रॉप (जेटसारखं इंजिन, पण ते पंखा फिरवतं), सुमारे २४०० हॉर्सपॉवर. अमेरिकन संसदेनं पैसे दिले म्हणून दोन विमानं बनली, १९८३-८४ मध्ये टेस्ट झाल्या, आणि एअर फोर्सनं नको म्हणून सांगितलं. त्यांना ते आधीपासूनच नको होतं, नेत्यांच्या आग्रहापायी टेस्ट केल्या.

यातली गंमत अशी की बदल करत करत शेवटी मूळ मस्टँगचे दहा टक्के पार्ट पण त्यात राहिले नव्हते. म्हणजे जुन्या डिझाईनचा फायदा काहीच नाही, त्याच्या मर्यादा मात्र सगळ्या अंगावर. जुनं डिझाईन परत आणायला निघालेल्या बहुतेकांची गाडी इथंच अडकते, आणि बोईंगचं पण तेच झालं, २००९ च्या सुमारास ब्रॉन्को या जुन्या विमानाचं (प्रश्न ६) नवीन उत्पादन काढायचा विचार त्यांनी बोलून दाखवला, पुढं काय झालं नाही.

६. जुनंच विमान परत आणून जमलं असं एकतरी उदाहरण आहे का नाही?

दोन चांगली आहेत. पहिलं ओव्ही-१० ब्रॉन्को. दोन टर्बोप्रॉप, दोन शेपट्या, पहिलं उड्डाण १९६५. अमेरिकन मरीननी ते नव्वदच्या दशकात काढून टाकलं. पण २०१५ मध्ये नासाकडं असलेली दोन ब्रॉन्को मागून आणली, नवीन सेन्सर आणि लेझरवर चालणारी रॉकेटं लावली आणि आयसिसच्या विरोधात पाठवली. ८२ दिवसांत १२० च्या वर मोहिमा केल्या. लोक हा आकडा सांगून थांबतात. दोनच विमानं होती आणि आयसिसकडं एअर फोर्स नव्हतं, हे पण सांगायला पाहिजे.

दुसरं आपलं डाकोटा, डीसी-३. विस्कॉन्सिनच्या ऑशकॉशला बास्लर कंपनी त्याचा सांगाडा पूर्ण नवा करते, साधारण मीटरभर लांब करते आणि टर्बोप्रॉप बसवते. कोलंबियानं असली विमानं बाजूनं गोळीबार करणारी गनशिप म्हणून वापरली, फांतास्मा नावानं. डाकोटा का टिकलं? दणकट, आणि हवेत केबिनला दाब द्यायची भानगड नाही म्हणून सांगाडा लवकर थकत नाही.

७. आज नवीन घ्यायचं म्हणलं तर काय मिळतं?

एम्ब्रेअरचं ए-२९ सुपर टुकानो सगळ्यात जास्त खपलेलं. १६०० हॉर्सपॉवरचं पीटी-६ इंजिन, पंखातच दोन १२.७ मिमी मशीनगन, दीड टन माल, इजेक्शन सीट. ब्राझील, कोलंबिया, फिलिपिन्स, नायजेरिया अशा बऱ्याच देशांकडं आहे. दुसरं अमेरिकेचं एटी-६, ते पण मुळात ट्रेनरच. आणि तिसरं फवारणीचं, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

८. फवारणीच्या विमानाला बॉम्ब लावतात हे खरं का? आमच्या उसावर तर ड्रोन येतोय आता.

खरं आहे. टेक्सासच्या एअर ट्रॅक्टर कंपनीचं एटी-८०२, शेतावर औषध मारायचं नाहीतर जंगलातली आग विझवायचं विमान, टाकी ८०० गॅलनची म्हणजे तीन हजार लिटरच्या वर. जो सांगाडा एवढं वजन घेऊन दिवसातून कितीतरी वेळा कच्च्या पट्टीवरून उडतो, पिकाला चाटून जातो, त्याला टाकीच्या जागी तेल आणि पंखाखाली बॉम्ब दिले तर त्याला काय फरक पडतोय? अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन कमांडनं ऑगस्ट २०२२ मध्ये याचंच लष्करी रूप निवडलं, करार ३ अब्ज डॉलरपर्यंतचा, ७५ विमानांपर्यंत, नंतर आकडा ६२ वर आणला. नाव आधी स्काय वॉर्डन होतं, २०२५ मध्ये बदलून स्कायरेडर दोन केलं. शेवटचं चाक शेपटीला आहे, त्यामुळं जेटवरून येणाऱ्या पायलटला उतरवायला नव्यानं शिकावं लागतं. युएईनं पण हीच विमानं शस्त्रं लावून वापरलीत.

आपल्याकडं पण एचएएलनं बसंत नावाचं फवारणीचं विमान बनवलेलं, पहिलं उड्डाण मार्च १९७२. पन्नास सुद्धा बनली नाहीत. त्याला कुणी शस्त्र लावलं नाही, पण पुष्कळ जण विचारतात म्हणून लिहिलं.

९. स्वस्त स्वस्त म्हणताय, पण शेवटी बिल किती होतं?

इथंच सगळे फसतात. नायजेरियानं १२ सुपर टुकानो घेतली, पूर्ण पॅकेज ५० कोटी डॉलरच्या आसपास गेलं. भागाकार केला तर एकाला ४ कोटी डॉलर. विमान तेवढ्याचं नाही, पण सिम्युलेटर, बॉम्ब, सुटे भाग, हँगर, पायलटचं ट्रेनिंग सगळं त्यात आलं, आणि हे सगळं घेतल्याशिवाय विमान नुसतं शोभेचं.

प्रत्येक जण अजून एक गोष्ट लावायला सांगतो. चिलखत पाहिजे. चांगला कॅमेरा पाहिजे, तो कॅमेरा-लेझरचा गोळाच लई महाग. मिसाईल आली की सांगणारा सेन्सर पाहिजे, एन्क्रिप्टेड रेडिओ पाहिजे. वजन वाढतं, उडायचा वेळ कमी होतो, किंमत वाढते, आणि मग कुणीतरी मीटिंगमध्ये विचारतो की एवढ्यात जुनं जेट का नको.

विमान स्वस्त असलं तरी ते सांभाळणं स्वस्त नसतं. अफगाणिस्तानला अमेरिकेनं ए-२९ दिली, पायलट चांगले तयार झाले, बॉम्ब अचूक पडायचे. पण मेंटेनन्स बाहेरच्या कंत्राटदारांवर होता, ते गेले की विमानं बसायला लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा पायलट कितीतरी विमानं घेऊन थेट उझबेकिस्तानात गेले. त्यात विमानाचा काय दोष नव्हता.

१०. खांद्यावरच्या मिसाईलनं पडत नाही का? एवढं हळू उडतंय म्हणल्यावर.

पडतं, आणि हीच या सगळ्या कल्पनेची दुखरी नस आहे. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये एसए-७ ही खांद्यावरून सोडायची मिसाईल आली आणि स्कायरेडरचे दिवस तिथंच भरले. टर्बोप्रॉप जेटपेक्षा कमी तापतं, एक्झॉस्ट वळवता येतो, मिसाईलला फसवणारे जळते फ्लेअर सोडता येतात, हे सगळं खरं. पण ३०० च्या वेगानं एकाच जागी गोल फिरणाऱ्याला नेम धरायला वेळ भरपूर मिळतो. वर चढून मिसाईलच्या टप्प्याबाहेर राहायचं हा एक उपाय, मात्र मग डोळ्यांनी बघून काम करायचा फायदा गेला, सगळं कॅमेऱ्यावर आलं, म्हणजे परत पैसे (प्रश्न ९).

अर्जेंटिनाचं पुकारा यासाठीच बनवलेलं, बंडखोरांवर वापरायला, पहिलं उड्डाण १९६९. १९८२ मध्ये ते फॉकलंडला ब्रिटिशांसमोर आलं. पेबल बेटावर एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाच्या जवानांनी रात्रीत ११ विमानं जमिनीवरच उडवली त्यात ६ पुकारा होती, एक सी हॅरियर या ब्रिटिश जेटनं तोफेनं पाडलं, एक खांद्यावरच्या स्टिंगर मिसाईलनं. बेटांवर नेलेलं एकही पुकारा अर्जेंटिनाकडं परत गेलं नाही. एका पुकारानं ब्रिटिश हेलिकॉप्टर पाडलं, एवढंच काय ते. विमान वाईट नव्हतं. बंडखोरांसाठीचं विमान पक्क्या फौजेसमोर गेलं.

म्हणून हे विमान घेण्याआधी प्रश्न एकच विचारायचा: आकाश कुणाचं आहे आणि खाली कुणाकडं काय आहे? त्याचं उत्तर बदललं की विमानाची सगळी किंमत बदलते.

११. समोर जेट फायटर आलं तर?

पळायचं. खाली, दरीत, वळणं घेत. व्हिएतनाममध्ये स्कायरेडरनी मिग-१७ पाडली होती, १९६५ आणि १९६६ मध्ये, ते व्हिडिओवाले लई फिरवतात. अपवाद आहे तो. पिस्टन इंजिनची फायटर एकमेकांशी शेवटची लढली ती १९६९ मध्ये, होंडुरास आणि एल साल्वादोरच्या युद्धात, कॉर्सेअर विरुद्ध मस्टँग.

१२. बायरक्तार, रीपरसारखी ड्रोन असताना पायलटला कशाला मरायला पाठवायचं?

बरोबर प्रश्न आहे, आणि पंख्याच्या विमानांचं मार्केट ड्रोननंच खाल्लं. पण बायरक्तार टीबी-२ उचलतं १५० किलो, सुपर टुकानो दीड टन. ड्रोनला लिंक लागते, ती जॅम होते. रेडिओवरचा आवाज ऐकून खालची परिस्थिती समजून घेणं अजून माणसालाच बरं जमतं. उलट ड्रोन पडलं तर पायलट कैदी होत नाही, येमेनमध्ये हूथींनी कितीतरी रीपर पाडली, अमेरिकेत कुणाच्या घरी फोन गेला नाही.

आता आमच्या आवडीची गोष्ट. १९६५ च्या ब्रॉन्कोचं इंजिन टी-७६, म्हणजे गॅरेटच्या टीपीई-३३१ चं लष्करी रूप. आजच्या रीपर ड्रोनचं इंजिन टीपीई-३३१. एचएएल कानपूरला बनवते त्या डॉर्नियरचं टीपीई-३३१. आपल्या नव्या एचटीटी-४० ट्रेनरचं पण टीपीई-३३१. तिकडं सुपर टुकानो, एटी-८०२ आणि बास्लरचं डाकोटा, तिघांत पीटी-६ चेच भाऊबंद, ते पण साठच्या दशकातलं. सांगाडे बदलले, इंजिनांची घराणी तीच राहिली. जुनं काय परत आणायचं असेल तर ते आधीच आलंय, इंजिनाच्या रूपात.

१३. युक्रेनमध्ये मागच्या सीटवर बंदूक घेऊन बसतात आणि ड्रोन पाडतात, ते फेक आहे का?

फेक नाही. २०२४ पासून याक-५२ हे सोव्हिएत ट्रेनर, ३६० हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन, मागं बसलेला माणूस हातात बंदूक घेऊन टेहळणीची ड्रोन पाडतोय. कारण साधं आहे. शाहेदसारखं हल्ला करणारं ड्रोन १८० च्या आसपास वेगानं येतं, किंमत वीस ते पन्नास हजार डॉलरच्या घरात, त्यावर चार-पाच लाख डॉलरची मिसाईल मारत बसलं तर शत्रू न लढताच जिंकला. जेटला एवढं हळू उडताच येत नाही. पंख्याचं विमान शेजारी जाऊन बसतं.

आम्हाला विचाराल तर येत्या काळात या विमानांचं खरं काम हेच असेल. इथं खालून मिसाईल यायची भीती नसते, कारण ड्रोन तुमच्याच हद्दीत आलेलं असतं. प्रश्न १० मधली दुखरी नस इथं दुखत नाही. रात्र आणि खराब हवा या अडचणी मात्र आहेतच.

१४. भारतानं असलं जुगाडू विमान लढाईत कधी वापरलंय का?

वापरलंय, आणि चांगलं वापरलंय. १९४७-४८ मध्ये काश्मीरला स्पिटफायर आणि टेम्पेस्ट लढली, पण तेव्हा तीच मुख्य विमानं होती, त्याला जुगाड म्हणता येत नाही.

खरं जुगाड १९७१ चं. नागालँडमध्ये दिमापूरला बांगलादेशी पायलटांना घेऊन किलो फ्लाईट तयार झाली. एक ऑटर, एक डाकोटा आणि एक अलूएट हेलिकॉप्टर. ऑटर म्हणजे एका पंख्याचं मालवाहू विमान, त्याला आपल्या लोकांनी रॉकेट बसवली. ३ डिसेंबरच्या रात्री ऑटर चितगावच्या तेलाच्या टाक्यांवर गेलं आणि हेलिकॉप्टर नारायणगंजच्या. दोन्हीकडं आग लागली.

त्याच युद्धात ४४ स्क्वाड्रननं एएन-१२ या चार पंख्यांच्या मालवाहू विमानातून बॉम्ब टाकले, मागच्या दारातून, पाकिस्तानात छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर. विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. रात्र होती आणि समोरच्याला अपेक्षा नव्हती, म्हणून जमलं.

१५. मग आपलं एअर फोर्स आता का घेत नाही? एचटीटी-४० ला गन लावली की झालं.

एचटीटी-४० पहिल्यांदा ३१ मे २०१६ ला उडालं, मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा ६८०० कोटींच्या वरचा करार झाला. शस्त्र लावता येईल असं एचएएल सांगतंच. पण वापरणार कुठं? पश्चिम आणि उत्तर सीमेवर समोर रडार, मिसाईल, जेट सगळं आहे. कारगिलला मे १९९९ मध्ये खांद्यावरच्या मिसाईलनी दोन दिवसांत एक मिग-२१ जेट आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं, जिथं शत्रू डोंगरमाथ्यावर आणि आपण त्याच्या समोर. तिथं पंख्याचं विमान पाठवणं म्हणजे पायलटला सांगणं की जा आणि मर.

राहिला देशाच्या आतला भाग. नक्षल भागात हवाई दलाची हेलिकॉप्टरं माणसं न्यायला-आणायला असतात, हल्ला करायला नाही, हे ठरवून ठेवलेलं धोरण आहे आणि आमच्या मते योग्य आहे (प्रश्न १८ वाचा). त्यामुळं आज गरज दिसते ती ड्रोनविरोधी कामाचीच.

१६. ट्रेनर म्हणून घेतलं आणि गुपचूप गन लावली तर कोण विचारतंय?

विकणारा देश विचारतो. चाडनं स्वित्झर्लंडकडून पीसी-९ ट्रेनर घेतलं, नंतर ते बॉम्ब टाकायला वापरलं गेल्याचं बाहेर आलं आणि २००८ मध्ये स्विस सरकारनं चाडला विमानं द्यायचं बंद केलं. इंजिन अमेरिकेचं असेल तर त्यांची पण परवानगी लागते. सुटे भाग थांबले की विमान सहा महिन्यांत जमिनीवर. आपल्या एअर फोर्सकडची ७५ पीसी-७ पण स्विसच आहेत, म्हणून त्यावर गन लावा म्हणणाऱ्यांनी आधी करार वाचावा.

१७. शिरोली, गोकुळ शिरगावात याचे पार्ट बनतील काय? आमची फौंड्री आहे.

काही बनतील, पण तुम्ही समजताय ते नाही. विमानात कास्टिंग कमी, फोर्जिंग आणि सळईतून थेट मशिनिंग जास्त. ब्रॅकेट, फिटिंग, जमिनीवरची ट्रॉली, जिग-फिक्श्चर, बॉम्ब उचलायचा जॅक, हे आपल्याकडची सीएनसी शॉप आरामात करतील. टर्बाईनच्या पात्याला हात लावू नका, निकेलचं खास मिश्रधातू आणि व्हॅक्यूममधलं ओतकाम, तो वेगळाच धंदा आहे.

अडचण मशीनची नसते, कागदाची असते. ट्रॅक्टरच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल निघालं तर लॉट रिजेक्ट होतो, दुसरा पाठवता. इथं प्रत्येक पार्टचा हीट नंबर, मटेरियल सर्टिफिकेट, टेस्ट रिपोर्ट वर्षानुवर्षं सांभाळायचा, एएस-९१०० हे विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट पाहिजे, लष्करी विमान असेल तर बंगळूरच्या सेमिलॅक या सरकारी संस्थेची मंजुरी आणि डीजीएक्यूए या सरकारी तपासणी खात्याची तपासणी. ऑर्डर पण हजारांत नाही, पन्नास-शंभर नगांत. वर्षाला लाखभर नग काढायची सवय असलेल्यानं हिशोब करूनच उतरावं. एकदा आत शिरलात तर मात्र गिऱ्हाईक सहसा सोडत नाही.

१८. असली विमानं सरकारं आपल्याच लोकांवर वापरत नाहीत का?

वापरतात. इंडोनेशियानं पूर्व तिमोरमध्ये ब्रॉन्को वापरली. आपल्याकडं मार्च १९६६ मध्ये ऐझॉलवर हवाई हल्ला झाला, ती तूफानी आणि हंटर, म्हणजे जेट होती, पण मिझोराममध्ये ती जखम अजून आहे. हल्ला जेवढा स्वस्त तेवढा हात लवकर बटणाकडं जातो, याची चर्चा ब्रोशरमध्ये नसते. आणि साधे बॉम्ब असतील तर चूक पण स्वस्तात होते. मे २०१७ मध्ये फिलिपिन्सच्या मरावी शहरात त्यांच्याच एसएफ-२६० विमानाचा बॉम्ब त्यांच्याच जवानांवर पडला, दहा जण गेले.

१९. अतिरेक्यांनीच असलं विमान बनवलं तर?

बनवलंय. एलटीटीईकडं झ्लिन कंपनीची छोटी विमानं होती, मार्च २००७ मध्ये त्यांनी कोलंबोजवळ कटुनायके हवाई तळावर बॉम्ब टाकले. त्याआधी १९६९ मध्ये नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या बाजूनं स्वीडनच्या काउंट फॉन रोझननी पाच छोट्या खेळण्यासारख्या ट्रेनरना रॉकेट लावून नायजेरियाची विमानं तळावरच उडवली. आता मात्र तेच काम ड्रोन करतंय.

२०. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सुपर टुकानो उडेल का?

आरामात. त्याला साधारण ९०० मीटर लागतात, आपला रनवे वाढवायच्या आधीच १३७० मीटरचा होता. पण रनवे म्हणजे तळ नव्हे. दारूगोळा ठेवायला वस्तीपासून लांब सुरक्षित जागा लागते, ती आता तिथं कुठली काढणार?

२१. दादा, मी एनडीए देतोय, मला पुढं असलंच विमान उडवायचंय. चान्स आहे?

सुरवात तर यावरच होणार आहे. एअर फोर्सचा पायलट पहिल्यांदा पंख्याच्याच ट्रेनरवर शिकतो, आज पीसी-७, पुढं एचटीटी-४०. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर असे फाटे फुटतात, आणि पंख्याचं हल्ला करणारं विमान हा फाटा आपल्याकडं सध्या नाही. पंखा आवडत असेल तर ट्रान्सपोर्टमध्ये सी-१३० आहे, चार पंखे. एसएसबीच्या मुलाखतीत हा विषय निघाला तर नुसतं स्वस्त आहे असं सांगू नका, प्रश्न १० मधला प्रश्न स्वतःच विचारा आणि मग बोला. गणित आणि डोळे दोन्ही सांभाळा.